तळे कोणाचे, वल्हे कोणाच्या हाती?

गोव्याचे पर्यटन म्हणजे समुद्रकिनारा, हे समीकरण आता खुद्द सरकारलाच अपुरे वाटू लागले आहे. कळंगुट-बागाच्या वाळूवर आणखी माणसे मावणार नाहीत, हे ध्यानी आल्यापासून राज्यकर्त्यांची दृष्टी डोंगरांकडे, कुळागरांकडे, देवळांकडे आणि अंतर्भागातील तळ्यांकडे वळली आहे. किनाऱ्यापलीकडचा गोवा पाहुण्यांस दाखवण्याच्या या संकल्पाला विरोध करावा असे त्यात काही नाही. खाणींची धूळ ज्यांच्या वाट्याला आली आणि पर्यटनाचा पैसा मात्र किनाऱ्यावरच राहिला, अशा डिचोली-सांगेसारख्या तालुक्यांना चार पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. परंतु तळे म्हणजे किनारा नव्हे. समुद्राला गाव नसते, तळ्याला असते. किनाऱ्यावर केलेली चूक भरती-ओहोटी काही काळ तरी पोटात घालते. तळ्यात जे टाकाल ते तळ्यातच राहते. म्हणून किनाऱ्यावर ज्या पद्धतीने पर्यटन वाढू दिले, त्याच पद्धतीने ते तळ्यांच्या काठी नेण्याचा विचार असेल, तर वेळीच दोन शब्द बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

उदाहरणादाखल मये घ्यावे. डिचोली तालुक्यातील हे तळे गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. भोवती हिरव्या टेकड्या, मध्ये संथ पाणी, काठावर पर्यटन विकास महामंडळाचे विश्रामस्थान आणि पायाने चालवायच्या होड्या, हे दृश्य शाळेच्या सहलीत एकदा तरी पाहिले नाही असा गोमंतकीय विरळा. रविवारी दुपारी तेथे गेले तर दिसते ते असे: म्हापशाचे किंवा फोंड्याचे एखादे कुटुंब होडीत बसलेले, दोन मुले पायटे मारून घामाघूम झालेली, होडी आपल्याच भोवती फिरते आहे, आणि मागे बसलेली आजी ‘काठाशीच राहा रे’ म्हणून ओरडते आहे. या करमणुकीत काही वाईट नाही. किंबहुना सरकारी पर्यटनाच्या साऱ्या व्यापात ही एक अत्यंत निरागस, स्वस्त आणि सामान्य माणसाला परवडणारी गोष्ट आहे. पुढे २०१९ साली याच तळ्याच्या काठी उंच मनोऱ्यावरून दोरी बांधून खाली झेपावण्याचा खेळ सुरू झाला. तो ज्यांस रुचतो त्यांनी खुशाल खेळावा. मात्र आजीची होडी आणि तरुणांची झेप यांपैकी पुढल्या योजनांचे वळण कोणीकडे जाणार, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. तळ्यावर माणसाने जावे, होडी हाकावी, पोहावे, काठावर बसून शिदोरी सोडावी. पण होडी त्याने आपल्या हातापायांच्या बळावर हाकावी. मोटारीचा घरघराट, शंभर माणसांची तरंगती मेजवानी आणि ध्वनिक्षेपक यांना गोव्याच्या एकाही तळ्यात थारा असू नये. मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची तरंगती नगरे कशी आली आणि ती हलवण्याची आश्वासने देता देता किती सरकारे बदलली, हे पणजीकरांस सांगणे न लगे. नदी वाहती म्हणून तिने ते सोसले. मयेच्या तळ्याला तेवढी छाती नाही.

वल्ह्याची होडी ही गोव्याला कोणी बाहेरून आणून द्यायची वस्तू नाही. गणेश विसर्जनाच्या वेळी कुंभारजुव्यात दोन होड्या जोडून सांगोड सजतो, तो पाहायला आजही माणूस लोटतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीनजीक विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात हाताने घडवलेल्या नौका दिव्यांनी उजळून सोडल्या जातात. सांजावच्या दिवशी शिवोलीत होड्यांची मिरवणूक निघते, तीत शेजारच्या सर्व धर्मांची माणसे काठावर उभी असतात. अलीकडे साळ नदीत आणि चोडणच्या खारफुटीत पर्यटक कयाक घेऊन फिरताना दिसू लागले आहेत. कयाक म्हणजे पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने आलटून पालटून पाणी कापायचे. कनू म्हणतात तिच्यात वल्ह्याला पाते एकच. नावे परकी असली तरी कसब परके नाही. चिंचोळ्या होडीत तोल सांभाळून उभा राहणारा आमचा खारवी आणि मानशीवर जाळे लावणारा गडी यांना त्यात शिकण्यासारखे थोडेच आहे. प्रश्न हा आहे की त्यांच्या नातवंडांना ते येते काय.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी गोव्याबाहेर एका गावी जावे लागेल. बडोदे हे मराठी माणसाला परके शहर नव्हे; सयाजीरावांच्या कारकिर्दीपासून कित्येक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. त्या शहरात हरणी नावाचे तळे आहे. महापालिकेने ते सुशोभित केले आणि चालवायला खासगी ठेकेदाराकडे दिले. १८ जानेवारी २०२४ रोजी एका शाळेची मुले तेथे सहलीला आली. होडीत तिच्या क्षमतेहून कितीतरी अधिक मुले बसवली गेली, बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, आणि होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. काठ दूर नव्हता, वादळ नव्हते, तळे काही अथांग नव्हते. ज्या पाण्याकडे पाहून कोणाही आईबापाच्या मनात भीतीचा लवलेश आला नसता, त्या पाण्यात चौदा जीव गेले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने स्वतः होऊन या प्रकरणाची दखल घेतली आणि ठेका कसा दिला गेला येथपर्यंत चौकशीचा धागा पोहोचला.

याहून अधिक मन विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच बडोद्याच्या ऐन मध्यभागी असलेल्या सूरसागर तळ्यात १९९३ साली होडी उलटून २२ माणसे दगावली होती. तेव्हाही होडीत भार अधिक होता. एकाच शहराच्या दोन तळ्यांत, तीस वर्षांच्या अंतराने, एकच चूक! मधल्या तीस वर्षांत शहर वाढले, तळ्यांच्या काठी दिवे लागले, दगडी फरशा बसल्या, प्रवेशद्वारांवर कमानी उभ्या राहिल्या. होडीत किती माणसे बसवायची, हे मोजणारा माणूस मात्र काठावर उभा राहिला नाही.

बडोदेकरांस बोल लावून आपण मोकळे होऊ नये. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ नावाची दुमजली नौका बुडाली आणि ४५ प्रवासी प्राणास मुकले. ती नौका कोणा लोभी खासगी मालकाची नव्हती, राज्याच्या पर्यटन महामंडळाची होती. काठावर वन्य प्राणी दिसताच माणसे एका बाजूला धावली, नौका कलंडली, एवढेच निमित्त. सरकारी म्हणजे सुरक्षित आणि खासगी म्हणजे धोक्याचे, असा जो एक सोपा समज आपल्याकडे आहे त्याला थेक्कडीने तेव्हाच तडा दिला. आणि आमच्याच कळंगुटच्या समुद्रात २०२४ च्या नाताळच्या दिवशी पर्यटकांची बोट उलटून एक इसम मरण पावला, हेही विसरून चालणार नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर जीवरक्षक होते म्हणून पुढला अनर्थ टळला.

कायदे नाहीत असे नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली होड्यांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ साली संसदेने अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा केला आणि १९१७ सालचा जुना कायदा मोडीत काढला. यंत्राने चालणाऱ्या नौकांची नोंदणी, तपासणी, विमा हे सारे त्यात आहे. यंत्रावाचून चालणाऱ्या होड्यांसाठीही वेगळे प्रकरण आहे, पण त्यांची नोंद ठेवण्याचे काम राज्यांनी स्थानिक संस्थांकडे सोपवायचे आहे. स्थानिक संस्था म्हणजे आमच्याकडे ग्रामपंचायत. ज्या पंचायतीला गावातील गटारांची नोंद ठेवणे जड जाते, तिच्याकडे हे काम जाणार असेल तर तिच्या हाताशी त्यासाठी एक तरी जाणकार माणूस हवा. तो कोण देणार? येथवर आलो की आमच्याकडे एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू लागते: पाणी जलसंपदा खात्याचे, काठ पर्यटनाचा, झाडे वनखात्याची, होडी ठेकेदाराची. बुडणारा मात्र कोणा एकाच घरचा असतो.

हे वाचून कोणी म्हणेल, तर मग होड्याच बंद करा. गोव्यात आपण नेमके हेच करतो. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास वनखात्याने बंदी घातली. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात: नद्यांत उतरू नका, खाणींच्या खंदकांत पोहू नका, चिरेखाणींच्या पाण्याजवळ जाऊ नका. हे आदेश चुकीचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पावसाळी पाण्याचा भरवसा धरू नये हे कोणीही शहाणा माणूस सांगेल. पण बंदीने पाणी आटत नाही आणि पोरांची पाण्याची ओढही आटत नाही. फलक वाचून माघारी फिरणारा मुलगा हा बहुधा मुळातच सावध मुलगा असतो. जो फलकाच्या पलीकडे जातो, त्याला वाचवणारी गोष्ट एकच: त्याला पोहता येणे.

एके काळी ते येत असे. देवळाच्या तळीत, घरच्या विहिरीत, गावच्या बांधावर मोठ्या भावाने पाठीला सुकी शहाळी बांधून धाकट्याला पाण्यात ढकलावे आणि आठ दिवसांत त्याने शहाळी सोडून द्यावीत, अशी ती सरळ शिक्षणपद्धती होती. आज विहिरींवर जाळ्या आल्या, नळ घरात आला, देवळांच्या तळींना कुंपणे लागली. त्यांतील प्रत्येक गोष्टीला तिचे कारण आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. पण त्या साऱ्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की समुद्राकाठच्या या चिमुकल्या प्रदेशात मुलांची एक पिढी पाण्याकडे पाठ करून वाढली. हॉटेलातला तलाव पाहुण्यांसाठी. नगरपालिकेचा असलाच तर शुल्क भरणाऱ्यांसाठी. डिचोलीच्या वाड्यावरच्या मुलाने पोहायला जायचे कोठे? तो खाणीच्या खंदकात जातो. तेथे काठ एकदम तुटतो, पाणी खोल आणि थंड असते, आणि हाक ऐकायला कोणी नसते.

म्हणून आम्ही म्हणतो की मयेच्या तळ्याचा पहिला उपयोग करमणूक हा नसून शिक्षण हा असावा. आठवड्यातील दोन दिवस ते तालुक्यातील शाळांसाठी राखून ठेवावे. आखून दिलेल्या उथळ पट्ट्यात, जीवरक्षकांच्या देखरेखीखाली, मुलांना आधी तरंगायला, मग पोहायला आणि त्यानंतर वल्हे धरायला शिकवावे. हा क्रम बदलता कामा नये. ज्याला तरंगता येत नाही त्याच्या हाती वल्हे देणे म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याला सायकलवर बसवणे आहे. जीवरक्षक गोव्याला नवे नाहीत. २००८ पासून किनाऱ्यांवर त्यांची व्यवस्था आहे आणि तिच्यामुळे किती प्राण वाचले हे किनाऱ्यावरच्या लोकांना विचारावे.

या शिक्षणातून काय निघू शकते, याचे उदाहरण आणखी एका जुन्या मराठी वस्तीच्या शहरातले आहे. ग्वाल्हेरची प्राची यादव ही जन्मापासून शरीराने अपंग. पाण्याशी तिची ओळख झाली ती पोहण्यातून. पुढे प्रशिक्षकांच्या सल्ल्याने तिने वल्हे हाती घेतले आणि भोपाळच्या तळ्यावर सराव केला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये कनू स्पर्धेत उतरणारी ती पहिली भारतीय ठरली आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत तिने सुवर्णपदक व रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी त्याच शहरात झालेल्या आशियाई स्पर्धांत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग या जोडीने हजार मीटरच्या कनू शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळला तळ्याच्या काठी खेळाडू घडवता येतात. गोव्याला २०२३ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद मिळाले. देशभरचे खेळाडू येऊन गेले, मैदाने सजली. डिचोली तालुक्यातील किती मुलांच्या हाती त्यानंतर वल्हे आले, हा हिशेब क्रीडा खात्याने एकदा मांडावा.

भोपाळकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. राजा भोजाच्या नावाने ओळखले जाणारे तेथले मोठे तळे अकराव्या शतकातले समजले जाते, शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी पुरवते आणि २००२ पासून रामसरच्या यादीत आहे. त्यात क्रूझ आणि मोटारबोटी चालत असत. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या बंद करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्यात डिझेल नको, हे तत्त्व समजायला खरे म्हणजे लवादापर्यंत जाण्याची गरज नव्हती. मोटारीच्या पंख्याने गाळ ढवळतो, लाटांनी मातीचा काठ ढासळतो, तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो. बंदिस्त पाण्यात हे सारे साचत जाते. वल्ह्याने यातले काही होत नाही. दक्षिण गोव्याच्या नळांना ज्या साळावलीचे पाणी येते, त्या जलाशयाच्या बाबतीत तर मोटारबोटीचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये. त्या पाण्याखाली कुर्डीसारखी गावे गेली आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की विस्थापित ग्रामस्थ आपल्या देवळाच्या जागी जमतात. ज्यांनी घरे दिली ती तहान भागवण्यासाठी दिली, मौजेच्या नौकांसाठी नव्हे.

येथे आमच्याच म्हणण्याला एक मर्यादा घालणे प्रामाणिकपणाचे होईल. वल्ह्याची होडी निरुपद्रवी असते, पण सर्वत्र नव्हे. पक्ष्यांच्या दृष्टीने आवाज न करता अगदी जवळ येणारी होडी ही काही वेळा मोटारीपेक्षा अधिक भयप्रद असते, कारण तिची चाहूल उशिरा लागते आणि सारा थवा एकदम उडतो. गोव्याच्या तळ्यांवर बाहेरून येणारे पक्षी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत उतरतात. पर्यटकांचा हंगामही तोच. म्हणजे पाहुणे दोन आणि कोठी एकच, असा प्रकार. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात जे बदकांचे थवे दिसतात ते पाहायला काठावर उभे राहून दुर्बीण डोळ्याला लावणे पुरेसे आहे. तेथे होडी नकोच. कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ साली गोव्यातले पहिले रामसर स्थळ ठरले. बेचाळीस हेक्टरांचे ते पाणथळ. तेथेही काठावरून पाहावे. मयेसारख्या तळ्यात मात्र होडीला जागा आहे. तिथेही एक कोपरा दोरी बांधून पक्ष्यांसाठी सोडता येईल. सर्व तळ्यांना एकच नियम लावण्याची जी सरकारी सवय आहे, तिने एक तर सगळे खुले होते, नाही तर सगळे बंद.

शिवाय ही तळी नुसती निसर्गाची देणगी नाहीत, हे शहरवासीयांस अनेकदा ठाऊक नसते. करमळीचे असो वा कुडतरीचे, त्यांतील कित्येक तळी गांवकारीने श्रम करून बांधलेली आहेत. पावसाचे पाणी अडवायचे, पाऊस सरला की मानशीतून हळूहळू शेतात सोडायचे, त्यावर वायंगणाचे भात काढायचे. उन्हाळ्यात तळे उतरले की मासे धरायचे आणि गाळ काढून शेतात घालायचा, असे त्याचे वर्षाचे चक्र. या चक्रात तळ्याची पातळी वर्षभर सारखी राहत नाही, आणि राहूही नये. होड्यांच्या ठेकेदाराला मात्र ती सारखी हवी असते. हंगाम ऐन रंगात असताना पाणी उतरले तर त्याचे नुकसान. उद्या एखाद्या तळ्यावर शेतकरी मानस उघडायला गेला आणि ठेकेदाराने ‘अजून पंधरा दिवस थांबा’ म्हटले, तर पंचायत कोणाच्या बाजूने उभी राहील? करारनाम्यात हे आधी लिहिलेले नसेल, तर ज्याच्याकडे पावती आहे त्याच्याच बाजूने.

कायद्याची गंमत येथे पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळीच्या सर्वोच्च पूरपातळीच्या सरासरीपासून पन्नास मीटरांच्या आत कायमचे बांधकाम करता येत नाही. अपवाद होड्यांच्या धक्क्याचा. नियम चांगला आहे. परंतु त्याच नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी आणि करमणुकीसाठी माणसाने मुद्दाम बांधलेली पाण्याची ठिकाणे वगळली आहेत. म्हणजे आमच्या पूर्वजांनी शेतीसाठी तळे बांधले, हीच त्या तळ्याच्या संरक्षणातली अडचण! निसर्गाने केले असते तर ते पाणथळ ठरले असते. गोवा सरकारने काही तळी अधिसूचित केली आहेत हे खरे, आणि त्याबद्दल संबंधितांचे अभिनंदनही केले पाहिजे. पण जी यादीत नाहीत, त्यांच्या काठी उद्या उपाहारगृह, परवा खोल्या आणि तेरवा लग्नाचे सभागृह उभे राहिले, तर केंद्राच्या नियमावर बोट ठेवून कोणीही अधिकारी आपले हात झटकू शकेल. तशी वेळ येण्यापूर्वी राज्याने स्वतःचा नियम करावा. विधानसभेत त्यास विरोध करील असा आमदार आम्हांस तरी उघडपणे दिसत नाही; झाकून विरोध करणारे पुष्कळ असतील.

मयेच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक आहे. मयेचा शेतकरी आणि त्याची जमीन यांची कहाणी गोव्याला नवी नाही. मुक्तीनंतर पोर्तुगालला निघून गेलेल्या जमीनदाराची म्हणून ही मालमत्ता स्थलांतरितांची ठरली. १९६४ च्या कायद्याने तिच्यावर सरकारी रखवालदार बसला, आणि पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या मयेकरांना आपले घर, आपली बागायत आपल्या नावावर नाही, या अवस्थेत अर्धशतक काढावे लागले. २०१४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याकरिता मयेकरांना किती मोर्चे काढावे लागले याचे साक्षीदार अजून गावात आहेत. मयेची महामाया, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय या बहिणींच्या गावांना खाणींनी काय दिले आणि काय नेले, तो हिशेब तर अद्याप चालूच आहे. अशा गावाला ‘तुमच्या तळ्याचा आम्ही विकास करतो’ असे बाहेरून येऊन सांगताना सरकारचा आवाज थोडा खाली असावा. विकास या शब्दाचा अनुभव मयेकरांना भरपूर आहे.

मग करावे काय? होड्या चालवण्याचे काम ठेकेदाराला देण्यापूर्वी ते गावच्या सहकारी संस्थेला विचारावे. दूध, काजू, ऊस यांच्या सहकारी संस्था गोव्याने पाहिल्या आहेत. त्यांतील काही बुडाल्या हेही पाहिले आहे. सहकार म्हटले की सारे आपोआप साधते अशा भ्रमात आम्ही नाही. पण गावचाच मुलगा होडीवर असला तर गावचीच बाई त्याला दहा माणसे एका होडीत बसवताना पाहून खडसावेल. बडोद्याच्या तळ्यावर असे खडसावणारे कोणी नव्हते. होड्यांची संख्या ठरलेली असावी आणि ती काठावर मोठ्या अक्षरांत लिहावी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि त्याचे सारे बंद आवळल्याशिवाय होडी धक्क्यावरून सुटू नये. खांद्यावर नुसते अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते, ही साधी गोष्ट आमच्याकडे शिकल्यासवरल्या माणसांनाही ठाऊक नसते. छायाचित्र काढून झाले की ते सोडून मांडीवर ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. दुपारनंतर वारा वाढतो. हलकी कयाक वाऱ्याबरोबर तळ्याच्या मध्यावर जाते आणि नवख्याचे हात परतीच्या वाटेवर थकतात. तेव्हा नवख्यांसाठी सकाळची वेळ ठेवावी आणि त्यांच्यासोबत एक तयार वल्हेकरी असावा. पावसाळ्यात सारे बंद.

आकारावयाचा दर हा तर कळीचा मुद्दा आहे. कयाकचे भाडे दिल्ली-मुंबईच्या पाहुण्याचा खिसा पाहून ठरवले, तर मयेची मुले काठावर बसून पाहुण्यांची गंमत पाहतील आणि मग, जीवरक्षक घरी गेल्यावर, आपली गंमत आपण करायला पाण्यात उतरतील. गावच्या आणि तालुक्यातील शाळांच्या मुलांना होडी आणि शिकवणारा माणूस विनामूल्य मिळाला पाहिजे. पाहुण्याच्या भाड्यातून तो खर्च भागवता येतो. आणि मानस केव्हा उघडायची, हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्यांकडेच राहील, हे कलम करारात पहिले असावे, शेवटचे नव्हे.

पर्यटन महामंडळ यापुढे तळ्यांविषयी जो कोणता करार करील, त्याचा मसुदा सहीपूर्वी त्या त्या गावच्या ग्रामसभेपुढे मराठीत आणि कोकणीत वाचून दाखवावा, एवढी मागणी आम्ही आज करीत आहोत. मयेपासून त्याचा आरंभ करता येईल. ग्रामसभा रविवारी भरते, आणि त्या दिवशी महामंडळाचे अधिकारी नाही तरी तळ्याकाठीच असतात.